ब्रूस लीचे रिस्टोअर केलेले चित्रपट : डिस्क घ्यायची तर कोणती प्रत?

जुनापडदा (सोलापूर, नवी पेठ)

नमस्कार मंडळी. गेल्या काही वर्षांत ब्रूस लीच्या चित्रपटांच्या इतक्या आवृत्त्या आल्यात, की नव्याने गोळा करायला लागलेल्याला कशाला हात घालावा तेच कळत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "सगळ्यात नवा सेट घे." मला हे उत्तर पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की डिस्क घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. ही प्रत कशावरून काढली, मूळ निगेटिव्हवरून की थिएटरात फिरलेल्या प्रिंटवरून? तिच्यात कुठला कट आहे, म्हणजे कुठले प्रसंग ठेवलेत आणि कुठले काढलेत? आणि आवाज कुठला आहे? ४के (चित्राची बारकाई), एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) आणि देखणा डबा हे सगळं त्यानंतर. कारण या माणसाचा एकेक चित्रपट एकाच रूपात उरलेला नाही. 'द बिग बॉस'च घ्या. १९७१ सालचा, थायलंडमध्ये चित्रित झालेला, हाँगकाँगमध्ये कमाईचे विक्रम मोडणारा. त्याला मँडरिन (चीनची मुख्य भाषा) आवृत्तीसाठी एक पार्श्वसंगीत, इंग्रजी आवृत्तीसाठी पीटर थॉमस यांचं पूर्ण वेगळं, आणि पुढे कँटोनीज (हाँगकाँगची बोली) आवृत्ती आली तिचं आणखी निराळं. चित्र तेच, पण त्याच मारामारीचा रंग संगीतामुळे पालटतो. यातलं एकच संगीत असलेली डिस्क तुमच्याकडे असेल तर तुमच्याकडे चित्रपटाचा एक भाग आहे.

नावांचा गोंधळही आधी समजून घ्या, नाहीतर एकच चित्रपट दोनदा विकत घेऊन बसाल. अमेरिकेत 'द बिग बॉस' हा 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' या नावाने लागला. १९७२ चा खरा 'फिस्ट ऑफ फ्युरी' तिकडे 'द चायनीज कनेक्शन' झाला. आणि ब्रूस लीने स्वतः दिग्दर्शित केलेला 'द वे ऑफ द ड्रॅगन' तिथे 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' म्हणून आला, तोही 'एन्टर द ड्रॅगन'नंतर, म्हणजे जणू पुढचा भागच. जुन्या डीव्हीडीवर ही अमेरिकन नावं सर्रास सापडतात. कव्हरवरचं नाव सोडा, मागच्या बाजूचं साल आणि दिग्दर्शक बघा. पहिल्या दोन्हींचा दिग्दर्शक लो वेई.

आता मोठे संच. अमेरिकेच्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने जुलै २०२० मध्ये सात ब्लू-रे डिस्कचा संच काढला. त्यात गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या निर्मिती कंपनीचे चित्रपट आहेत आणि शिवाय 'एन्टर द ड्रॅगन'सुद्धा, हे महत्त्वाचं. कारण तो अमेरिकेच्या वॉर्नर स्टुडिओचा, त्यामुळे बाकीच्यांच्या शेजारी सहसा बसत नाही. इंग्लंडच्या ॲरो कंपनीने २०२३ मध्ये गोल्डन हार्वेस्टच्या चित्रपटांचा ४के संच काढला. त्यात 'एन्टर द ड्रॅगन' नाही. तो वॉर्नरने त्याच वर्षी, चित्रपटाला ५० वर्षं झाली म्हणून, ४के डिस्कवर वेगळा आणला.

ॲरोच्या संचाचं मोल मला वाटतं ते 'बिग बॉस'च्या लांब मँडरिन प्रतीसाठी. वर्षानुवर्षं ती हरवलीच असं धरून चाललो होतो. तिच्यातले प्रसंग नेहमीच्या प्रतीत नाहीत. ते घरी बसून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

तुमच्याकडे काय काय आहे, कसं वाटलं, सविस्तर लिहा.

---

रीळमास्तर (सोलापूर)

जुनापडदा, धागा लई चांगला काढलास. मी डिस्क गोळा करत नाही, पण हे पिक्चर मी चालवलेत. ऑपरेटर होतो. तरुण पोरांना 'निगेटिव्ह' आणि 'प्रिंट' यातला फरक कळावा म्हणून लिहितो.

कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. ती थेटरात कधी येत नाही. तिच्यावरून मधल्या प्रती होतात, त्यांच्यावरून प्रिंट, आणि प्रिंट आमच्याकडे पेटीतून येई. इंग्रजी मारामारीचा पिक्चर आधी मुंबई-पुण्यात महिनोन्‌महिने चाललेला, मग आपल्याकडे मॉर्निंग शोला. तोवर त्याच्यावर उभ्या रेघा पडलेल्या असत. ३५ मिलिमीटरचं रीळ मिनिटाला ९० फूट पळतं, सेकंदाला २४ फ्रेम. एखाद्या ठिकाणी कडेची भोकं फाटली की तेवढा तुकडा कापून फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या गोंदाने) जोड द्यायचा. एका गावात चार फ्रेम गेल्या, दुसऱ्या गावात आठ. आणि जोड कुठे पडतो? जिथे रीळ सुरू होतं आणि जिथे संपतं तिथे. म्हणून जुन्या प्रिंटमध्ये रिळाच्या टोकाला माणूस बोलता बोलता एकदम दुसरीकडे उडी मारतो.

ब्रूस लीच्या पिक्चरला तर आणखी एक त्रास. फाइटचा चांगला शॉट असला की तेवढ्या फ्रेम कोणीतरी कापून खिशात घालायचं. आमच्याकडे पेटी आली तेव्हा नानचाकूच्या (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या) सीनमध्ये धक्के बसत होते, ते मला आजही आठवतंय.

तेव्हा कोणी म्हणत असेल की "जुन्या प्रिंटची मजा वेगळी," तर ती मजा आम्हाला विचारा. मूळ निगेटिव्हवरून काढलेलं चित्र माझ्या भाच्याने दाखवलं तेव्हा 'वे ऑफ द ड्रॅगन'च्या त्या रोमच्या कलोसियममध्ये चक नॉरिसच्या मागे भिंत कशी आहे ते मी पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं मला तो नुसता तपकिरी अंधार वाटायचा.

---

जुनापडदा

मास्तर, हे तुमच्याशिवाय कोणी लिहू शकलं नसतं. कलोसियमबद्दल भर घालतो. बाहेरचे काही शॉट खरे रोममधले, पण फाइटचा मोठा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओत, मागे मोठी केलेली छायाचित्रं लावून घेतलेला. चांगल्या स्कॅनमध्ये ते स्पष्ट कळतं. काहींना वाटतं, यामुळे जादू गेली. मला उलट वाटतं. पैसा कमी असताना हे काम कसं उभं केलं ते दिसतं, आणि समोर दोन माणसं खरीच लढतायत याची खात्रीही पटते. कॅमेरा लांब आहे, शॉट लांब आहेत, कापाकापी कमी आहे.

---

साखरपेठी

एक शंका. हे सगळे पिक्चर मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतात. कधी फुकटसुद्धा. मग डिस्कवर हजारो रुपये, वर कस्टम, वर प्लेअर, एवढा खटाटोप का? कुत्सितपणे विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

---

जुनापडदा

चांगला प्रश्न आहे. ॲपवर काय असतं ते तुमच्या हातात नसतं. आज आहे, हक्काचा करार संपला की उद्या नाही. आणि जे असतं ते बहुधा एकच कट, एकच आवाज. इंग्रजी डब असेल तर मँडरिन नाही, मँडरिन असेल तर सबटायटल इंग्रजी डबवरून उतरवलेले, म्हणजे पडद्यावरचा माणूस एक बोलतो आणि खाली दुसरंच लिहिलेलं. शिवाय इंटरनेटवरून चित्र पाठवताना ते दाबून लहान केलेलं असतं. ४के डिस्कवर ६६ किंवा १०० जीबी जागा असते. 'एन्टर द ड्रॅगन'च्या शेवटी आरशांची खोली आहे. काळोख, काच, प्रतिबिंब, त्यातून हललेला हात. दाबलेल्या चित्रात त्या काळोखाचे चौकोनी ठोकळे होतात. डिस्कवर त्यातला प्रत्येक आरसा वेगळा दिसतो.

आणि सेन्सॉरचा मुद्दा विसरू नका. इंग्लंडमध्ये सेन्सॉर बोर्डाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नानचाकूवर कात्री चालवली. तिकडच्या व्हिडिओ कॅसेटवर ते प्रसंग तुटक होते किंवा नव्हतेच. 'एन्टर द ड्रॅगन' तिथे पूर्ण स्वरूपात २००१ मध्ये आला. तोवर एका पिढीने तो अर्धवट बघितला. हातात पूर्ण प्रत असली की कुणाची कात्री आपल्या घरात पोचत नाही.

---

विजापूर_रोड_पोरगा

मी गेल्या दिवाळीत अमेरिकेतला ब्लू-रे संच मागवला. एका ऑनलाइन दुकानाने "भारतात चालेल" असं स्पष्ट लिहिलं होतं. घरचा प्लेअर म्हणतो, ही डिस्क या प्रदेशासाठी नाही. दुकानवाले फोन उचलत नाहीत. आता काय करायचं? संच तसाच पडलाय.

---

होटगीरोड

भाऊ, घाबरू नकोस, डिस्क वाया गेलेली नाही. ब्लू-रेला तीन प्रदेश असतात. ए म्हणजे अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया वगैरे. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. आपण भारत सी मध्ये, चीन आणि रशियाबरोबर. अमेरिकन संच ए ला कुलूपबंद असतील तर सी चा प्लेअर नाकारणारच. उपाय दोन. एक, सगळे प्रदेश चालणारा प्लेअर. काही मॉडेल दुकानातूनच तसे मिळतात, काही रिमोटवरच्या कोडने मोकळे होतात. तुझ्या प्लेअरचा मॉडेल नंबर शोधून बघ. दोन, संगणकाला जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह.

४के यूएचडी डिस्कला मात्र प्रदेशाचं कुलूप नसतं. म्हणून मी नव्याने घेणाऱ्याला सांगतो, पैसे लावायचे तर ४के प्लेअरवर लावा. फक्त त्याच संचात ज्या साध्या ब्लू-रे डिस्क असतात त्यांना कुलूप असू शकतं. बऱ्याचदा मुलाखती, जादा कट असं सगळं त्या ब्लू-रेवरच असतं. खरेदीआधी डिस्कनिहाय तपासा.

जुन्या डीव्हीडी कोणाकडे असतील तर आणखी एक. युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही बऱ्याच डीव्हीडी पॅल या टीव्ही-पद्धतीच्या. पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, चित्रपटाच्या २४. म्हणून चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने पळतो आणि आवाज किंचित चढा लागतो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. लोक "चार मिनिटं कापली" म्हणून ओरडतात, पण कापलेलं काहीच नसतं. ब्लू-रेवर ही अडचण नाही.

आणि टीव्हीची सेटिंग. नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालतात. त्याने ब्रूस लीचा ठोसा मालिकेतल्यासारखा दिसतो. ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा.

---

विजापूर_रोड_पोरगा

धन्यवाद दादा. मॉडेल नंबर शोधला, कोड सापडला, चालला! 'फिस्ट ऑफ फ्युरी' लावलाय. "कुत्रे आणि चिनी लोकांना प्रवेश नाही" ही पाटी तो उडून लाथेने फोडतो, तिथे आमच्या आजोबांनी खुर्चीतून टाळी वाजवली. तरुणपणी टॉकीजमध्येही तिथेच वाजवली होती म्हणे.

---

रीळमास्तर

त्या पाटीला थेटर उठायचं की ओ. आपलं गाव सोलापूर. १९३० साली मार्शल लॉ बघितलेलं, चार हुतात्मे दिलेलं. गोऱ्या साहेबाच्या बागेत देशी माणसाला मज्जाव म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यातून गिरणीतली माणसं पाळी संपवून आलेली. पडद्यावरचा तो पोरगा एकटा सगळ्यांना भारी पडतो, त्यात त्यांना स्वतःचं काहीतरी दिसायचं.

---

कराटेताई (जुळे सोलापूर)

मी मुलींना कराटे शिकवते. ब्रूस लीचे चित्रपट आमच्यासाठी अभ्यासाचं साहित्य आहेत, म्हणून या धाग्याचा फार उपयोग होतोय.

मला 'गेम ऑफ डेथ'बद्दल बोलायचंय. नवीन कोणी संच घेतला की सगळ्यात आधी तो लावतं, कारण पिवळा काळ्या पट्ट्यांचा पोशाख सगळ्यांना माहीत असतो. १९७८ चा तो चित्रपट बघून मला त्रास झाला. लीने १९७२ मध्ये पॅगोड्याच्या मजल्यांवरच्या लढती चित्रित केल्या, मग 'एन्टर द ड्रॅगन' आला म्हणून काम थांबवलं, आणि २० जुलै १९७३ ला तो गेला. वय फक्त ३२. पुढे दुसऱ्याच कथेत ते तुकडे बसवले, बदली माणसं उभी केली, आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यं त्यात घातली. एका माणसाच्या मृत्यूचा असा वापर करणं मला अजिबात मान्य नाही.

पण त्याने स्वतः चित्रित केलेलं जे आहे, ते सोनं आहे. डॅन इनोसँटोबरोबरची नानचाकूची लढत घ्या. इनोसँटो ठरलेल्या चालींनी खेळतो, ली लय मोडत राहतो. मग जी हान-जे हापकिडो ही कोरियन युद्धकला घेऊन येतो, आणि शेवटी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. एवढ्या उंच माणसाशी लढताना ली अंतर कसं तोडतो, खालून कसा शिरतो, हे मी मुलींना फ्रेम थांबवून दाखवते. जुन्या डीव्हीडीवर फ्रेम थांबवली की धूसर धब्बा. स्वच्छ केलेल्या चित्रात पायाची बोटं कुठल्या दिशेला वळलीत ते दिसतं. हालचाल शिकवणाऱ्याला तेच हवं असतं.

---

जुनापडदा

कराटेताई, तुमच्याशी पूर्ण सहमत. १९७८ च्या चित्रपटात पॅगोड्याच्या चित्रीकरणातला जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा भाग वापरला गेला. बाकीचं अनेक वर्षं डब्यात होतं. २००० साली जॉन लिटल यांच्या माहितीपटाने ते सलग, लीच्या टिपणांच्या क्रमाने लोकांसमोर आणलं. आताच्या संचांमध्ये ते चित्रीकरण वेगळं बघता येतं. क्रायटेरियनमध्ये २०१९ ची नवी जुळणी आहे, ॲरोमध्ये स्वच्छ केलेलं कच्चं चित्रीकरण. माझ्या मते संग्रह करण्याचं खरं कारण हे आहे. चित्रपटगृहात लागलेला 'गेम ऑफ डेथ' लीचा नव्हता. लीचा जो होता तो आज डिस्कच्या जादा भागात सापडतो. अंत्ययात्रेचा भाग मी न बघता पुढे पळवतो. जॉन बॅरी यांचं संगीत मात्र ऐकण्यासारखं आहे, ते वेगळं ऐका.

---

रीळमास्तर

एका गोष्टीवर माझं तुझ्याशी जमत नाही, जुनापडदा. तू वर मँडरिन आवाजाला फार मान दिलास. मी ऑपरेटर म्हणून आणि प्रेक्षक म्हणून इंग्रजी डबच ऐकला. आमच्या गावाने तोच ऐकला. ते जाडजूड इंग्रजी, ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. पण आमच्यासाठी पिक्चर तोच. आता नवीन डिस्कवाले म्हणतात की "मूळ भाषेत बघा, डब हलका." मग आम्ही जे बघितलं ते काय खोटं होतं?

---

जुनापडदा

मास्तर, खोटं कसं असेल. तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

हाँगकाँगमध्ये त्या काळात चित्रपट बिनआवाजाचे चित्रित व्हायचे. सेटवर कोणी कँटोनीज बोलायचं, कोणी मँडरिन, परदेशी नट इंग्रजी. नंतर स्टुडिओत सगळ्या भाषांचे आवाज भरले जायचे. म्हणजे मँडरिनसुद्धा डबच. मँडरिनमधला लीचा आवाज त्याचा स्वतःचा नाही. लीचे संवाद त्याच्याच आवाजात ऐकायचे तर 'एन्टर द ड्रॅगन', तोही इंग्रजीत. तेव्हा "मूळ आवाज" असं बोट ठेवून दाखवावं असं या चित्रपटांत फारसं काही नाही. मँडरिनला मी पुढे ठेवतो ते दोन कारणांनी : निर्मात्यांनी पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर ठेवली ती आवृत्ती ती, आणि तिच्यातले संवाद प्रसंगाला जास्त चिकटून आहेत. 'फिस्ट ऑफ फ्युरी'तला गुरूच्या मृत्यूचा शोक मँडरिनमध्ये वेगळाच अंगावर येतो.

पण इंग्रजी डब टाकून द्यायचा नाही. उलट तोही त्याच काळजीने जपायला हवा, कारण सोलापूर, कोल्हापूर, हैदराबाद, आफ्रिका, कॅरिबियन बेटं, अर्ध्या जगाने तोच ऐकलाय. आणि धोका नेमका त्यालाच आहे. काही जुन्या आवृत्त्यांत मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) डब काढून नवा ५.१ (सहा वाहिन्यांचा) मिक्स घातला, ठोशांचे आवाज बदलले. ठोसा बसल्यावर येणारा तो कोरडा 'खाड्' गेला आणि त्या जागी आजच्या चित्रपटातला गडगडाट आला. म्हणून पाठीमागचं वर्णन वाचताना "मूळ मोनो" हे शब्द शोधा, दोन्ही भाषांसाठी. ज्या डिस्कवर मँडरिन मोनो आणि इंग्रजी मोनो दोन्ही आहेत ती माझ्या मते पूर्ण डिस्क.

---

रीळमास्तर

हे पटलं. 'खाड्' हाच आवाज. पंख्याचा, गर्दीचा कालवा असायचा, तरी बाल्कनीपर्यंत पोचायचा.

---

अशोकचौक_७१

रंगाबद्दल कोणी बोलेल का? माझ्याकडच्या एका आवृत्तीत सगळं पिवळट-हिरवं दिसतं. पांढरा शर्टसुद्धा पांढरा नाही. दुसऱ्या आवृत्तीत चेहरे मेणाचे.

---

होटगीरोड

दोन वेगळे आजार आहेत. पिवळट छटा रंगदुरुस्तीतून येते. निगेटिव्हचा स्कॅन उत्तम असला तरी रंग कोणते धरायचे हे शेवटी माणूस ठरवतो. ब्रूस लीच्या ४के रिस्टोरेशनवर जगभर यावरून वाद झाले आणि पुढच्या काही आवृत्त्यांत रंग पुन्हा नव्याने केले गेले. मूळ काळातली चांगली प्रिंट समोर ठेवून रंग जुळवले असतील तर निकाल भरवशाचा.

मेणाचे चेहरे म्हणजे ग्रेन पुसल्याचा परिणाम. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, त्यातूनच चित्र घडतं. ते 'कचरा' समजून पुसले की त्याबरोबर घाम, कातडीचा पोत, कपड्याची वीण सगळं जातं. आपण चादरी-टॉवेलच्या गावातले, कापड कसं दिसतं ते आपल्याला कळतं. 'बिग बॉस'मधला तो पांढरा सुती बनियन-वजा सदरा बघा. विणीचे धागे दिसले तर प्रत चांगली. एकसंध प्लॅस्टिक दिसलं तर पुसलेली.

रेघ, धूळ, डाग काढणं हे रिस्टोरेशन. ग्रेन काढणं नाही. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

---

अशोकचौक_७१

आत्ता लावून बघितलं. नव्या प्रतीत वीण दिसते, जुनीत नाही. कळलं.

---

कराटेताई

आपल्या उन्हाळ्यात या डिस्क टिकतात का? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि आमचं घर वरच्या मजल्यावर.

---

जुनापडदा

टिकतात, पण जागा निवडावी लागते. डिस्क पॉलिकार्बोनेटची, आत धातूचा अतिशय पातळ थर. त्या थरापर्यंत हवा-ओल पोचली की तो खराब होतो. उष्णतेने डिस्क वाकू शकते. म्हणून माळ्यावर, पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून, खिडकीत ठेवू नका. घरातली आतली भिंत, लोखंडी कपाट, डिस्क उभ्या. आडव्या थप्प्या लावू नका. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. डिस्कवर चिकटपट्टी किंवा स्टिकर कधीही नको, पेनाने नाव लिहू नका. पुसायची तर मऊ मायक्रोफायबरने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि वाचणं अवघड होतं. गावाचा अभिमान कितीही असला तरी टॉवेल वापरू नका, सुताचे तंतू अडकतात.

वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क चालवून बघावी. बिघाड सुरू झालेला असेल तर बदली प्रत मिळेपर्यंत वेळ हातात राहतो, कारण मर्यादित आवृत्त्या लवकर संपतात.

---

साखरपेठी

माझं मन वळायला लागलंय. एका साइटवर पूर्ण ४के संच फारच स्वस्तात दिसतोय. घेऊ का?

---

होटगीरोड

थांब. आधी विक्रेत्याकडून डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागव. कारखान्यात छापलेल्या डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेला नंबर आणि बारकोड असतो. घरी बर्न केलेल्या डिस्कवर त्या कंपनीचा नंबर नसतो, खालचा रंगही वेगळा, गडद दिसतो. डब्यावरची छपाई अंधूक, मागच्या मजकुरात चुका, सात डिस्कचा संच दोनच डिस्कवर बसवलेला, असं काही दिसलं तर हात लावू नकोस. नकली संचात चित्र बहुधा इंटरनेटवरून उतरवलेलं असतं. म्हणजे जे टाळायला डिस्क घेतोस तेच परत मिळतं.

---

विजापूर_रोड_पोरगा

आमच्या मंडळाचे कार्यकर्ते विचारतायत, गणपतीत एका रात्री पडदा लावून 'एन्टर द ड्रॅगन' दाखवायचा का? पूर्वी म्हणे गल्लीत १६ मिलिमीटरवर पिक्चर दाखवायचे.

---

रीळमास्तर

दाखवायचे. रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड, दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली. मागच्या बाजूने बघणाऱ्यांना अक्षरं उलटी दिसायची, तरी कोणी उठत नसे.

---

जुनापडदा

कल्पना सुंदर आहे, पण घरी बघायची डिस्क सार्वजनिक ठिकाणी दाखवायला वेगळी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. हक्कदारांकडे किंवा त्यांच्या भारतातल्या वितरकाकडे मंडळाच्या लेटरहेडवर रीतसर विचारा. वेळ लागतो, म्हणून आत्तापासून पत्र टाका. परवानगी मिळाली तर प्रोजेक्टर, स्पीकर आणि माझी डिस्क मी देईन. मास्तर, तुम्ही चालवायला याल ना?

---

रीळमास्तर

येणार. फोकस मीच लावणार.

---

साखरपेठी

शेवटचं विचारतो. नकली संच सोडून दिला. बजेट एकाच खरेदीचं आहे. माझ्याकडे अजून प्लेअरसुद्धा नाही. सुरुवात कुठून करू?

---

जुनापडदा

एकच खरेदी असेल तर ४के प्लेअर आणि वॉर्नरची 'एन्टर द ड्रॅगन'ची ४के डिस्क. कुलूप नाही, सेटिंगची भानगड कमी. मूळ १९७३ चा कट आणि १९९८ चा स्पेशल एडिशन कट दोन्ही त्यावर आहेत. दुसऱ्या कटात सुरुवातीला शाओलिनच्या गुरूंबरोबरचा संवाद जास्तीचा आहे, लीच्या विचारांचा गाभा त्यात आहे. पण त्या भागातला आवाज नंतर भरलेला आहे, लीचा नाही, हे लक्षात ठेवून ऐका. आधी १९७३ चा कट बघा. लालो शिफ्रिन यांचं संगीत मोठ्याने लावा.

पुढच्या खेपेला पैसे साठले की गोल्डन हार्वेस्टचा संच घ्या. तोवर 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि 'वे ऑफ द ड्रॅगन' बघायला माझ्याकडे या. रविवारी संध्याकाळी मी घरीच असतो. विजापूर रोडवाल्या, तू आजोबांना घेऊन ये. जिना नाही, तळमजला आहे.

---

साखरपेठी

येतो. प्लेअरचं मॉडेल होटगीरोड दादांना विचारून ठरवतो.

---

होटगीरोड

मेसेज टाक. दुकानात तुझ्याबरोबर येतो, डिस्क लावून बघूनच पैसे देऊ.